डोकी तीन, हेल्मेट एक

रविवारची सकाळ. नात्यात लग्न. मुहूर्त साडेदहाचा आणि घराला कुलूप लागायलाच दहा वाजलेले. स्कूटरवर पुढे सहा वर्षांचे चिरंजीव उभे, डोक्यावर जरीची नवी टोपी. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईच्या केसांत गजरा, हातात आहेराची पिशवी. आणि मध्ये वडील. हेल्मेट फक्त त्यांच्या डोक्यावर. तेही चौकात पोलीस उभा असतो म्हणून!

पुणे असो, इंदूर असो की बडोदे, हे चित्र सगळीकडे सारखेच. स्कूटर एक, डोकी तीन, हेल्मेट एक. रस्ता मात्र तिघांसाठी सारखाच कठीण असतो.

हेल्मेट म्हणजे सरकारने काढलेले एक खूळ, असे अनेकांना वाटते. शर्यतीतले स्वार ते पूर्वीपासून वापरत. पण ते रोजच्या वापरात आणण्याची धडपड सुरू झाली ती एका रुग्णाच्या खाटेपाशी. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात एक माणूस मोटारसायकलवरून घरी परतत होता. रस्त्यात एक उतार होता. त्यामुळे समोरची सायकलवरची दोन मुले त्याला ऐनवेळी दिसली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी तो गेला. तो होता टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. १९६२ च्या त्या गाजलेल्या चित्रपटाची सुरुवात याच अपघाताने होते.

त्याच्या उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदू शल्यविशारद होते. या मृत्यूचा सल त्यांच्या मनात राहिला. दुसरे महायुद्ध सुरू झाले, लष्करातले निरोपे मोटारसायकलवरून धावू लागले आणि डोके फुटून रुग्णालयात येऊ लागले. केर्न्स यांनी चिकाटीने नोंदी ठेवल्या. १९४१ मध्ये त्यांनी लेख प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेले जखमी त्यांच्या नोंदीत जेमतेम सात होते. पण ते सातही जण वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर अपघाती मृत्यू घटत गेल्याचे केर्न्स यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. तिथल्या सामान्य नागरिकांसाठी कायदा मात्र १९७३ मध्ये आला. तो पाहायला केर्न्स हयात नव्हते.

हेल्मेट नेमके करते तरी काय? गाडीवरून पडलेले डोके रस्त्यावर आपटून क्षणात थांबते. आतला मेंदू मात्र त्याच वेगाने पुढे जाऊन कवटीवर आदळतो. हेल्मेटचे टणक कवच तो मार एका जागी न ठेवता पसरवते. आतला थर्मोकोलसारखा जाड थर चेपत जातो आणि धक्का स्वतः सोसतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे. त्याने आपले काम केलेले असते. असा चेपणारा थर नसलेली बांधकामावरची टोपी डोक्यावर असून नसल्यासारखीच. पट्टा न बांधलेले हेल्मेटही तसेच. माणूस पडण्याआधी तेच उडून जाते.

अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. भारतात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकी अपघातांत दगावले. त्यांतले १४,३३७ गाडी चालवत नव्हते. ते नुसते बसले होते! कुणाची पत्नी, कुणाची आई, कुणाचे मूल.

‘गरम होते’, ‘केस गळतात’, ‘मान दुखते’ या तक्रारी जुन्याच आहेत. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्तीविरुद्ध मोर्चाही निघाला. त्रास होतो हे खरे. पण योग्य मापाचे, हवा खेळती ठेवणारे हेल्मेट आणि आत सुती रुमाल एवढ्याने तो बराच कमी होतो. विकत घेताना आय.एस.आय. चिन्ह आणि ‘आय.एस. ४१५१’ हा क्रमांक पाहावा. पट्टा बांधून मान हलवावी. हेल्मेट डोक्यावर गरगर फिरता कामा नये.

डोक्याखालच्या शरीराचाही विचार हवा. पडणारा माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे. घोटे झाकणारे बूट, चपला नकोत. रस्त्यावर घसरताना पातळ शर्ट क्षणात फाटतो आणि मग सोलते ती कातडी. खांदे व कोपरांना गादी असलेले जाकीट हा मार झेलते. उन्हाळ्यासाठी जाळीदार जाकिटेही मिळतात. तेही परवडत नसेल, तर निदान जाड कापडाचे, पूर्ण बाह्यांचे जाकीट घालावे. साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. मागच्या चाकाचे साडीगार्ड शोभेसाठी नसते. ते काढून टाकू नये.

कायदाही आता स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालासुद्धा, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलांना चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्या मुलांना हेल्मेटही, आणि वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर.

हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नव्हे. भरधाव वेगापुढे त्याचेही काही चालत नाही. पण रोजच्या रस्त्यावरच्या कितीतरी अपघातांत खरचटण्यावर निभावणे आणि घराचा आधार हरपणे यांत अंतर असते ते त्या चेपणाऱ्या थराएवढेच.

तेव्हा लग्नाला निघताना तीन हेल्मेट घालायला आणखी दोन मिनिटे लागली तर लागू द्यावीत. गजरा कार्यालयात पोहोचल्यावरही माळता येतो. आणि हो, नव्या जोडप्याला पाचवा चहाचा सेट देण्यापेक्षा हेल्मेटची जोडी आहेर म्हणून दिली तर? सुरुवातीला चार पाहुणे हसतील. पण ‘सुखाचा संसार करा’ या आशीर्वादाला याहून चांगली जोड कोणती?