एक ओळ आणि एक राखाडी चौकोन



गणेशस्थापनेच्या आदल्या रात्री आमच्या रायपुरातल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, मंडळाची वेबसाइट उघडत नाही. 'गंभीर त्रुटी' एवढी एकच ओळ दिसतेय. पुण्या-बंगळुरूची मुलं आरतीच्या वेळा विचारताहेत, काय सांगू?"

तुमच्याही सोसायटीची, शाळेची किंवा घरगुती दुकानाची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल, तर हा प्रसंग तुमच्यावरही येऊ शकतो. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

वेबसाइटचं रंगरूप ठरवते ती 'थीम'. पण थीम म्हणजे नुसता रंग नव्हे, तिच्या आत प्रोग्रामही असतो. ज्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते, तिथे पीएचपी भाषेची नवी आवृत्ती आली आणि थीम मात्र जुनीच राहिली, तर सगळी साइट ठप्प होऊ शकते. काकूंच्या मंडळाचं नेमकं हेच झालं होतं.

पूर्वी अशा वेळी नुसतं पांढरं पान दिसायचं आणि कारण कळायला मार्ग नसायचा. मे २०१९ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.२ पासून सोय झाली. बिघाड झाला की साइटच्या व्यवस्थापकाच्या ईमेलवर पत्र येतं. कोणती थीम किंवा कोणतं प्लगइन बिघडलं ते त्यात लिहिलेलं असतं आणि दुरुस्तीसाठी एक लिंकही असते. त्या लिंकवरून आत गेलं की बिघडलेला भाग फक्त तुमच्यापुरता थांबवला जातो. तुम्ही दुरुस्ती करेपर्यंत बाकीच्यांना ती एकच ओळ दिसत राहते. लिंक साधारण एक दिवस चालते.

पण पत्र गेलं कुठे? साइट बनवून देणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेलेला, आणि ईमेल त्याचाच! त्याला शोधून फोन केला, त्याने लिंक पाठवली, आम्ही वर्डप्रेससोबत येणारी साधी थीम लावली. अकराच्या सुमारास आरतीच्या वेळा दिसू लागल्या.

काकूंना हायसं वाटलं, पण क्षणभरच. खाली त्यांच्या सासूबाईंच्या भजनाचा व्हिडिओ होता. तिथे राखाडी चौकोन आणि 'व्हिडिओ उपलब्ध नाही'. ज्या नातलगाने तो यूट्यूबवर टाकला होता, त्याने खातंच बंद केलं होतं. सासूबाई आता नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डिसेंबर २००९ पासून वर्डप्रेसमध्ये नुसती लिंक चिकटवली की व्हिडिओ पानावर दिसतो. दिसतो आपल्या घरात, पण असतो दुसऱ्याच्या घरात. मालकाने दार लावलं की आपली खिडकीही रिकामी. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा कितीतरी पानांवरचे व्हिडिओ असेच गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामने नियम बदलले आणि नुसती लिंक चिकटवून त्यांच्या पोस्ट दाखवण्याची सोय वर्डप्रेसला काढून टाकावी लागली.

तर या रविवारी अर्धा तास काढा आणि एवढं करा:

१. सेटिंग्जमध्ये व्यवस्थापकाचा ईमेल कोणाचा आहे ते पाहा. रोज उघडला जाणारा हवा.

२. वर्डप्रेसची एक साधी थीम कायम ठेवा, काढून टाकू नका.

३. थीम बदलण्याआधी साइटचा बॅकअप घ्या.

४. मोलाच्या व्हिडिओची मूळ फाइल स्वतःजवळ दोन ठिकाणी ठेवा.

५. व्हिडिओखाली दोन ओळी लिहा: कोण, कुठे, कधी. चौकोन रिकामा झाला तरी आठवण उरते.

भजनाचं काय झालं? काकूंच्या नणंदेच्या जुन्या फोनच्या कार्डात तीन मिनिटांचा तुकडा सापडला. पूर्ण भजन नाही, पण आवाज सासूबाईंचाच. स्थापनेच्या दिवशी आरतीनंतर तो सगळ्यांनी ऐकला.

तुमच्या घरातला असा आवाज कुठे आहे? आजच शोधून ठेवा.