तरवड, अंबाडी आणि पहिले सीताफळ

हिजरी कालगणनेत ऋतू नाहीत. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून एक फेरी पूर्ण करते. म्हणून आमची ईद कधी उन्हाळ्यात येते, कधी भर पावसात, कधी थंडीत. २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी रमजान ईद आणि दिवाळी तीन-चार दिवसांच्या अंतराने आल्या. २०१५ व २०१६ साली दसरा आणि आशुरा एक-दोन दिवसांच्या फरकाने पाठोपाठ आले. २०२० आणि २०२१ला तर ईद-ए-मिलाद आणि कोजागिरी एकाच तारखेला होत्या. मग हे सण आपापल्या वाटेने पुढे निघून गेले.

यातून एक समज तयार झाली आहे, आपल्यातही आणि इतरांतही. मुसलमानाचा सण असतो, पण त्याला हंगाम नसतो. शरद म्हटले की घटस्थापना, दसरा, कोजागिरी, दिवाळी. म्हणजे तो ‘त्यांचा’ ऋतू. आपण फार तर फराळाचे ताट स्वीकारायचे आणि शीरखुर्म्याच्या वेळी परतफेड करायची. ही समज मला मान्य नाही. पूजा ज्याची त्याची असते, हंगाम मात्र जमिनीचा असतो. आणि जमीन आपलीही आहे.

सोलापूरचा शरद पुस्तकातल्यासारखा नसतो. इथे झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊन गळत नाहीत. हा अवर्षणाचा जिल्हा. इथला मोठा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. जूनमध्ये कोकण भिजत असताना आम्ही आभाळाकडे बघत असतो आणि बाकी महाराष्ट्र ‘पावसाळा संपला’ म्हणतो तेव्हा आमचे माळ हिरवे होतात. याच ओलीवर रब्बीची ज्वारी पेरली जाते. कधी हाच पाऊस घात करतो. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने उभी पिके आणि माती वाहून नेली, हे कुणी विसरलेले नाही. तरीही या जिल्ह्याचा खरा वसंत म्हणजे शरदच.

या दिवसांत माळावर तरवड फुलतो. पिवळाधमक, कुणी न लावलेला, शेळ्याही सहसा तोंड न लावणारा. आमच्याकडे आणि मराठवाड्यात घटाच्या माळेला तरवडाची फुले लागतात. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू पद्मशाली घरांतल्या बायका बतुकम्मा रचतात, त्यात हेच फूल असते. ते त्याला तंगेडू म्हणतात. बतुकम्मातले दुसरे फूल गुनुगू, म्हणजे आपला कुरडू. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटतो तोच. तरवडाची साल पूर्वापार कातडे कमावायला वापरली जाते, म्हणजे चामड्याचे काम करणाऱ्यांच्या हातांनाही हे झाड ओळखीचे. एका झुडपाची एवढ्या घरांशी ओळख आहे. मग आमच्या घराशी का नसावी?

भाजीचेही तसेच. अंबाडी बाजारात आली की पावसाळा उतरणीला लागला असे समजावे. मराठी घरात ती ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन होते. तेलुगू शेजारी तिला गोंगुरा म्हणतात आणि तिची पच्चडी करतात. कानडी घरात ती पुंडी. आमच्या दखनी बोलीत तिचा अंबाडा होतो आणि गोश्तात पडतो. भवानी पेठेसारख्या वस्तीत एकाच हातगाडीवरची एकच जुडी चार भाषांत शिजते. शिजवताना कुणालाही वाटत नाही की आपण ऐक्याचे काही काम करतो आहोत. आंबट खावेसे वाटते म्हणून ती शिजते, एवढेच.

विकत न घेता मिळणाऱ्या भाज्या वेगळ्याच. घोळ, चिघळ, तांदुळजा, पाथरी. बांधावर, पडीक रानात, ओल धरलेल्या जागी. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका गावाकडे गेल्या की पदरात भरून आणत. कोणते पान कोवळे, कोणते जून, कशाचे देठ टाकायचे, हे त्या बघून सांगत. ही विद्या आता दोन बाजूंनी संपते आहे. एकीकडे तणनाशकांनी रुंद पानांच्या रानभाज्या मारल्या आणि मोकळ्या जागा गाजरगवताने बळकावल्या. दुसरीकडे, ज्यांना ओळख होती त्यांना आपण कधी विचारलेच नाही. रानभाजी खुडण्याचे नियम साधे आहेत. ओळख पटल्याशिवाय पान तोडायचे नाही, गटारीच्या किंवा फवारलेल्या शेताच्या कडेचे घ्यायचे नाही, मुळासकट उपटायचे नाही. पण ओळख पटवून देणारे माणूस लागते. ते घरात आहे तोवरच शिकून घ्यायला हवे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप घरातला आहे. फुलांची, पानांची सजावट म्हणजे दुसऱ्यांची नक्कल, असे काही जण म्हणतात. मी त्यांना दख्खनच्या जुन्या मशिदी आणि मकबरे बघायला सांगतो. सजीवांची चित्रे टाळणाऱ्या आपल्या परंपरेने सजावटीसाठी निवडले ते पान, फूल आणि वेल. दगडात वेलबुट्टी चालते, तर तांब्यात ठेवलेली तरवडाची फांदी का चालू नये? दारावर बाजरीच्या कणसांची जुडी टांगली तर ती चिमण्यांसाठी असते. कुरडूचे तुरे वाळल्यावरही आकार धरून राहतात. यात कुणाची उपासना नाही. उपासनेत सामील न होण्याचा आपला हक्क शाबूत ठेवूनही हंगाम घरात आणता येतो.

आणि हंगाम साजरा करण्याची रीत आपल्याकडे नाही असेही नाही. ‘सहीह मुस्लिम’मधली हदीस आहे. हंगामातले पहिले फळ पैगंबरांकडे (स.) आणले जाई, तेव्हा ते शहरासाठी आणि धान्य-फळांसाठी बरकतीची दुआ करत आणि मग ते फळ तिथल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातात देत. याहून सुंदर घरगुती सोहळा कोणता? मदिनेत ते फळ खजूर असेल, आमच्याकडे ते सीताफळ आहे. बार्शीकडच्या बागांतून आणि बालाघाटच्या डोंगरउतारांवरून याच दिवसांत ते सोलापुरात येते. शेतकऱ्याकडून घेऊन ते पाटीत, गाडीवर मांडणारा पुष्कळदा बागवान असतो. बागेवरून जमातीचे नाव पडलेल्या माणसांना हंगाम नाही, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप बाहेरचा आहे आणि तो अधिक कडवट आहे. अलीकडे सणांच्या तोंडावर ‘त्यांच्याकडून घेऊ नका’ असे निरोप फिरतात, जत्रेत कुणी दुकान मांडावे यावर वाद घातले जातात. ज्यांना हे निरोप पटतात त्यांनी दिवाळीआधीचे आपलेच घर आठवून पाहावे. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देणारे पिंजारी-नदाफ, भांड्यांना कल्हई करणारे, बांगड्या भरणारे मणेर, फळे आणणारे बागवान. शरदातल्या घराच्या आवराआवरीत या हातांचा वाटा पिढ्यान्‌पिढ्या आहे. कालगणनेतही हेच दिसते. शिवकाळात आणि पेशवाईत मराठी कागदपत्रांवर जो शुहूर सन लिहीत, त्यातले आकडे अरबी शब्दांत असत आणि वर्ष सुरू होई मृगाला, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. चांद्र महिन्यांनी पेरणी आणि वसुली जुळेना, तेव्हा दख्खनने अरबी मोजणी पावसाच्या नक्षत्राला बांधली. दोन परंपरांना एका हंगामात बसवण्याचे काम आपल्या पूर्वजांनी कागदावर करून ठेवले आहे.

पण मला इथे एक सावधगिरी महत्त्वाची वाटते. तरवड आणि अंबाडी आपण ‘इथलेच आहोत’ याचा दाखला म्हणून घरात आणू नये. मुसलमानाने सणाला पाणी वाटले की त्याचा फोटो छापून येतो. कोजागिरीला भवानी पेठेजवळच्या रस्त्याने तुळजापूरकडे हजारो लोक चालत जातात, सुमारे ४५ किलोमीटर. त्यांना पाणी देणे ही माणुसकी झाली, तिची बातमी व्हायचे कारण नाही. आपुलकीचा पुरावा सतत मागितला जातो म्हणून आपणही तो सतत देत बसलो, तर हंगामाची चवच जाईल. अंबाडी आवडते म्हणून खावी. फूल सुंदर दिसते म्हणून आणावे. ज्याला आपल्या अंगणातले झाड ओळखता येते त्याला परके ठरवणे अवघड असते हे खरे, पण तो त्या ओळखीचा हेतू नव्हे.

तेव्हा या शरदात चार गोष्टी कराव्यात. एकदा तरी अंबाडी शिजवावी आणि वाटीभर शेजारी द्यावी. माळावरून तरवडाची एक फांदी आणावी. घरातल्या दादी-नानीला दहा रानभाज्यांची नावे विचारून, तिच्याच बोलीत, वहीत लिहून ठेवावीत. आणि पहिले सीताफळ घरातल्या सगळ्यांत धाकट्याच्या हातात द्यावे, दुआ करून.

हिशोब केला तर २०३७च्या नोव्हेंबरच्या सुमारास रमजान ईद पुन्हा दिवाळीच्या दिवसांत येईल. आज सीताफळ हातात घेणारे मूल तेव्हा जाणते झालेले असेल. शीरखुर्मा आणि फराळाची ताटे पुन्हा एकाच आठवड्यात इकडून तिकडे जातील, तेव्हा तो ऋतू त्याला पाहुण्यासारखा भेटू नये.