मखर सजवा, दरवाजा हलवू नका

मोठी क्रीडास्पर्धा तोंडावर आली म्हणजे वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना एक विलक्षण ज्वर चढतो. पानाच्या माथ्यावर ‘मुख्यपान’, ‘स्थानिक’, ‘हवामान’, ‘निधनवार्ता’ अशी नावे ज्या पट्टीत ओळीने मांडलेली असतात, ती मार्गदर्शक पट्टी एका रात्रीत पालटते. स्पर्धेचे नाव अग्रभागी बसते, जुनी नावे मागे रेटली जातात, रंग बदलतो आणि धावसंख्या वा गोल सांगणारी ओळ अखंड सरकू लागते. संचालकांस यात कल्पकता दिसते. आम्हांस वाचकाच्या हक्काचा अपहार दिसतो.

आमचे वैर खेळाशी नाही. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याच्या मैदानावर झाले, याचा अभिमान आम्हांसही आहे. 2026 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा व्याप तर 48 संघ, 104 सामने आणि 11 जून ते 19 जुलै असे 39 दिवस एवढा मोठा. एवढ्या उत्सवास माथ्यावर जागा मिळू नये, असे कोण म्हणेल? जागा अवश्य द्यावी. प्रश्न एवढाच, की ती कोणाला उठवून द्यावयाची?

भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर एका वेळी तीनचार नावेच मावतात. उरलेली दृष्टीआड जातात. म्हणून अग्रभागी एक नाव घुसले की कोणते तरी एक नाव बाहेर पडते. आता वरील तारखांकडे पाहावे. गोमंतकात आणि कोकणात ते भर पावसाचे दिवस. ज्या घरी पाणी शिरण्याचे भय आहे, त्या घरच्या माणसाने ‘हवामान’ शोधण्यासाठी गटवार गुणतक्ता ओलांडून जावे काय?

अंध वाचकाची स्थिती याहून कठीण. तो पट्टी पाहत नाही, ऐकतो. स्क्रीन रीडर नावे वाचून दाखवितो आणि तो क्रम पाठ करून चालतो. हे ओळखूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मापदंडांत सांगितले आहे, की पानोपानी येणारी मार्गदर्शक नावे त्याच सापेक्ष क्रमाने यावीत. नियमाचे शब्द पानांपुरते आहेत हे खरे. परंतु त्यामागील तत्त्व दिवसांनाही लागू पडते, हे समजण्यास वकिलाची गरज नाही. इतर मजकुराबरोबर आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ सरकणारी ओळ थांबविण्याची सोय असावी आणि सामान्य आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी यांतील तेजाचे प्रमाण किमान 4.5 : 1 असावे, हेही त्याच मापदंडांत आहे. यजमानांच्या झेंड्याचे रंग पट्टीस फासताना हे प्रमाण कोण मोजतो?

ही केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही. सुगम्यतेचे मापदंड नुसते शिफारशीवजा ठेवणारा दिव्यांगविषयक 2017 च्या नियमांतील नियम 15 सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी अवैध ठरविला. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा अधिकार हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला. कायदा ज्या दिशेने निघाला आहे, तिच्याकडे पाठ फिरवून चालणे शहाणपणाचे नव्हे.

“महिनाभराचाच तर प्रश्न आहे,” असे उत्तर मिळते. वाट महिनाभर अडविली तरी ती अडविलीच. “बहुसंख्यांस हेच हवे,” असे दुसरे उत्तर. परंतु बहुसंख्यांस स्पर्धा कोठेही सापडते. माथ्यावरच्या पट्टीची खरी गरज असते ती घाईत असलेल्या, वृद्ध आणि अंध अशा थोड्यांना.

उत्सव कसा करावा हे आपल्या देवळांना कोणी शिकवावे लागले नाही. नवरात्रात मखर सजते, देव झुल्यावर बसतो, रोज नवी आरास होते; जत्रेत दुकानांची रांग लागते. पण म्हणून गर्भकुडीचा दरवाजा कोणी दुसऱ्या भिंतीत नेत नाही, की पालखीच्या वाटेवर दुकान मांडू देत नाही. उत्सव सरला की मखर उतरते.

संकेतस्थळांनी हाच रिवाज पाळावा. पट्टीच्या एका टोकास उत्सवासाठी एक जागा कायमची राखून ठेवावी. कार्यक्रम, निकाल व गुणतक्ता त्या एका नावाच्या पोटात घालावे. इतर नावांचा क्रम जराही हलवू नये. सरकती ओळ थांबविण्याची कळ तिच्या शेजारीच ठेवावी. आणि आरास उतरविण्याचा दिवस ती चढविण्यापूर्वीच ठरवावा. यात खेळाचे काहीच उणे होत नाही. ज्या संचालकास एवढेही जड वाटते, त्याला उत्सव नको असून बाजार हवा आहे, असे आम्ही समजू.