यजमानीणबाईंचे लेखन

आदिलाबादच्या डोंगराळ भागात हैमेनडॉर्फ हे नाव ऐकले नाही, असा मनुष्य विरळा. गोंडांवर ग्रंथ लिहिणारे, त्यांच्या जमिनींसाठी निजाम सरकारपाशी खटपट करणारे ते व्हिएन्नाचे विद्वान. त्यांच्या पत्नी बेट्टी एलिझाबेथ यांचा उल्लेख मात्र बहुधा अखेरच्या वाक्यात येतो, आणि तोही असा की, पतीबरोबर त्याही मार्लवाईस राहिल्या. राहिल्या म्हणजे काय केले? आल्यागेल्यास पाट मांडला, एवढेच? आम्हांस हा उल्लेख अपुरा, किंबहुना अन्यायाचा वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी प्रथम वाचकांस थोडे दूर, जर्मनीत न्यावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात बर्लिन शहरी काही सुशिक्षित स्त्रियांच्या घरी कवी, पंडित, संगीतकार नियमाने जमत. या मेळाव्यास तिकडे 'सलोन' म्हणत. आपल्याकडे त्या शब्दाने न्हाव्याचे दुकान डोळ्यांपुढे येते. म्हणून आम्ही त्यास बैठक म्हणू. अशाच एका बैठकीच्या यजमानीण बेटिना फॉन आर्निम. यांचा जन्म १७८५ साली फ्रँकफुर्ट येथे झाला. बेटिना हेही एलिझाबेथ या नावाचेच लाडके रूप होय. आजी लेखिका, भाऊ क्लेमेन्स ब्रेंटानो कवी, पती आखिम फॉन आर्निम हेही कवी. ग्रिम बंधूंनी आपल्या जगप्रसिद्ध परीकथांचा संग्रह १८१२ साली याच बाईंना अर्पण केला. १८३१ साली त्यांस वैधव्य आले. पदरी सात मुले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा त्या गरीब वस्त्यांतून मदतीस हिंडल्या. पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले १८३५ साली, वयाच्या पन्नाशीत. महाकवी गटे यांच्याशी झालेला तो पत्रव्यवहार होता. गटे यांच्या स्मारकाचे चित्र बाईंनी स्वतः रेखाटले होते, तेही त्यात छापले. त्या पत्रांत त्यांनी आपल्या कल्पनेची भर सढळ हाताने घातली आहे, हे खरे. इतिहास म्हणून ते पुस्तक वाचणारा फसेल.

परंतु आमच्या मते बाईंचे खरे मोठेपण १८४३ च्या पुस्तकात आहे. त्याचे नावच मुळी 'हे पुस्तक राजाचे आहे' अशा अर्थाचे. प्रशियाच्या राजाला उद्देशून लिहिलेल्या या पुस्तकाच्या शेवटी बर्लिनच्या हांबुर्ग वेशीबाहेरील दरिद्री वस्तीचा वृत्तांत जोडला आहे. ग्रुनहोल्त्सर नावाच्या एका स्विस शिक्षकाने खोल्याखोल्यांतून फिरून तो टिपला होता: कोणाची मिळकत किती, कर्ज किती, घरात खाणारी तोंडे किती. राजाला गरिबीवर प्रवचन नको, गरिबांचा हिशेब हवा, हे या कविमनाच्या बाईंना कळले होते! पुढील वर्षी सायलेशियातील विणकरांनी उठाव केला आणि वातावरण तापले. गरिबांविषयी त्या तयार करीत असलेले दुसरे पुस्तक त्यांच्या हयातीत छापले गेलेच नाही. १८५९ साली त्या निवर्तल्या.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम आणि त्यांचे साथी पोलिसांच्या गोळीबारात पडले. हैमेनडॉर्फ तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्यांच्याजवळ जर्मन पारपत्र असल्यामुळे युद्धकाळात त्यांस संस्थानाबाहेर जाण्यास मज्जाव होता. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम सरकारने त्यांजकडे दिले. १९३८ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या बेट्टीबाई या मूळच्या इंग्लंडच्या. त्या दोघांनी मार्लवाई या गोंड खेड्यात एका साध्या घरात बिऱ्हाड थाटले.

या घराची बैठक बर्लिनच्या बैठकीहून निराळी. येथे येणारे कवी म्हणजे प्रधान. गोंडांचे हे भाट किंगरीच्या साथीवर कुळांच्या उत्पत्तीच्या कथा गातात. १९४८ साली प्रसिद्ध झालेला आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ या कथांवर आणि देवकार्यांवर उभा आहे, आणि त्यावर सहकारी म्हणून बेट्टीबाईंचे नाव स्पष्ट छापलेले आहे. अशा कथा कोणी कचेरीत बोलावून विचारल्याने सांगत नाही. माणूस वारंवार घरी यावा, बसावा, त्याला परकेपणा वाटू नये, तेव्हा त्याचे तोंड उघडते. ज्या घरात तो बसला ते घर चालविणे हे ग्रंथाच्या बाहेरचे काम, असे आम्ही मानीत नाही. ते ग्रंथाचे पहिले प्रकरण आहे. ज्यांस एवढेही पटत नसेल, त्यांनी बाईंच्या एकटीच्या नावावरील पुस्तक पाहावे. दक्षिण आशियातील मानववंशशास्त्राच्या लेखनाची मोठी सूची त्यांनी सिद्ध केली. तिचा पहिला खंड १९५८ साली निघाला. अर्थात सूची करणाराच्या गळ्यात कोणी हार घालीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, राजाच्या दारी गरिबांचे गाऱ्हाणे नेणाऱ्या या सुखवस्तू बायकांचे एवढे कौतुक कशाला? गाऱ्हाणे आधी भीमाने मांडले, तेही प्राण देऊन. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. सरकारचे कान उघडले ते जोडेघाटच्या आवाजाने, कोणाच्या ग्रंथाने नव्हे. परंतु बेटिनाबाईंचे पुस्तक राजापाशी थांबले, मार्लवाईचे काम तेथे थांबले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९४३ साली, मार्लवाईस गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. जेमतेम मराठी अक्षरओळख असलेले काही गोंड तरुण मिळाले, त्यांच्यापासून आरंभ झाला. म्हणून गोंडीच्या पहिल्या वाचनपाठांना लिपी मिळाली ती आपली देवनागरी. पुढे याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम केलेले सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडीचे व्याकरणही लिहिले. मराठी शाळेत शिकणाऱ्या आम्हां मुलांना हा आपल्या अक्षरांचा इतिहास कोणी सांगत नाही, याची खंत वाटते. १९५६ नंतर जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, शाळांतून तेलुगूचे प्राबल्य झाले आणि ते वाचनपाठ मागे पडले.

बेट्टीबाई ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबाद येथे वारल्या. त्यांस मार्लवाईतच मूठमाती देण्यात आली. त्यांच्या पतींचे निधन १९९५ साली लंडनमध्ये झाले. २०१६ च्या विभागणीनंतर मार्लवाई कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे, तरी आम्हांस ते परके नाही. दरवर्षी ११ जानेवारीस तेथे गोंड बांधव जमतात. यंदा आमच्या शाळेतूनही काही विद्यार्थ्यांनी तेथे जावे, असे आम्ही सुचवितो. जाताना हारांऐवजी वह्या न्याव्यात. तेथील वृद्ध स्त्रियांना मार्लवाईच्या त्या शाळेविषयी आणि त्या घराविषयी जे आठवत असेल, ते त्यांच्याच गोंडीत, देवनागरीत उतरवून घ्यावे, आणि पुढील वर्षीच्या या अंकात त्यांच्या नावांनिशी छापावे.