‘अँकर’ म्हणजे नांगर, मग बुलढाण्यात तो घसरला कसा?

जानेवारी २०२५. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं अचानक देशभर पोचली. कारण होतं केस. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांनाच हा त्रास होत होता.

हे कशामुळे होतंय ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण नाव मात्र लगेच मिळालं, ‘टक्कल व्हायरस’. टीव्हीच्या पट्टीवर ते झळकलं, अँकरच्या तोंडी आलं आणि रिल्समधून आपल्या मोबाईलवर पोचलं.

अडचण एकच होती. व्हायरस कुणालाही सापडलेला नव्हता.

हे नीट समजून घ्यायचं तर ‘अँकर’ हा शब्द आला कुठून ते बघावं लागेल.

समुद्रातून स्टुडिओत

अँकर हा मुळात जहाजावरचा शब्द. ग्रीक ‘आंकिरा’, त्यावरून लॅटिन ‘आंकोरा’ आणि तिथून इंग्रजी. मुळाशी अर्थ आहे वाकडं, आकड्यासारखं. आपल्या ‘अंकुश’ शब्दाचं मूळही भाषातज्ज्ञ तेच मानतात.

मराठीत अँकरला म्हणतात नांगर. हो, शेतातल्या नांगराचंच नाव. गलबत बंदरात थांबलं की ‘नांगर टाकला’ म्हणायचं. बुलढाण्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण हा शब्द इथल्या घराघरात आहे. दोन्ही नांगरांचं टोक जमिनीत रुततं. शेतातला नांगर माती उलथत पुढे जातो, जहाजाचा नांगर मात्र रुतून जागच्या जागी राहतो. १९३३ मध्ये जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तर शेतातल्या नांगराच्या फाळासारखाच अँकर तयार केला होता.

पुढे हा शब्द माणसांना लागला. रस्सीखेचीत सगळ्यात मागे पाय रोवून उभा राहणारा गडी म्हणजे अँकर. रिले शर्यतीत शेवटचा धावणारा म्हणजे अँकर. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या पक्षांच्या अधिवेशनांचं कव्हरेज सीबीएसवर वॉल्टर क्राँकाइट सांभाळत होते. तेव्हापासून टीव्हीसाठी हा शब्द गाजला. चारी बाजूंनी रिपोर्टर माहिती देणार आणि मधला एक माणूस ती धरून ठेवणार, असं ते काम.

आपल्याकडे यासाठी निवेदक, सूत्रसंचालक हे शब्द होते. चॅनल वाढली आणि अँकर रुळला.

नांगर घसरतो म्हणजे काय?

खलाशांना वादळाइतकीच भीती असते नांगर घसरण्याची. नांगर पाण्यात असतो, साखळी ताणलेली असते, सगळं ठीक वाटतं. पण तळाशी पकड सुटलेली असते आणि जहाज हळूहळू वाऱ्यासोबत सरकत असतं. डेकवरच्या माणसाला ते पटकन कळतही नाही.

टीव्हीवर हा वारा टीआरपीचा असू शकतो, सत्तेचा असू शकतो, नाहीतर ‘आधी आम्ही दाखवलं’ या घाईचा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडिया’ आघाडीने १४ अँकरच्या कार्यक्रमांवर बहिष्कार टाकला. बहिष्कार योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण अँकरकडे वादातला एक पक्ष म्हणून बघितलं जातंय, हे त्यातून दिसलं.

मग बुलढाण्यात काय निघालं?

सुरुवातीला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. नमुने घेतले गेले, आयसीएमआरचं पथक आलं. रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तपास केला. फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे आणि हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला आहे. शरीराला सेलेनियम लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की केस आणि नखांवर परिणाम होतो. एप्रिलमध्ये याच भागातून नखं खराब होऊन गळण्याच्या तक्रारीही आल्या.

आता फरक बघा. व्हायरस म्हटलं की माणसं एकमेकांपासून लांब पळतात. या गावांतल्या मुलामुलींची शाळा-कॉलेजं सुटली, लग्नं अडली, अशा बातम्या तेव्हा आल्या. पण प्रश्न गव्हाचा असेल तर बोट शेजाऱ्याकडे नाही, रेशनच्या व्यवस्थेकडे जातं. हा गहू कुणी तपासला? नसेल तर का नाही? एका चुकीच्या नावामुळे हे प्रश्न मागे पडले आणि लाज मात्र गावकऱ्यांच्या वाट्याला आली.

‘कारण अजून कळलेलं नाही’ हे वाक्य बोलायला पाच सेकंदही लागत नाहीत. त्या आठवड्यात अँकरचं खरं काम तेवढंच होतं, रिपोर्ट येईपर्यंत बातमी धरून ठेवायची.

आणि हे फक्त चॅनलपुरतं नाही. तो व्हिडिओ फॉरवर्ड करणारा प्रत्येक जण आपल्या ग्रुपचा अँकरच असतो. पुढच्या वेळी एखाद्या गावाच्या नावापुढे ‘व्हायरस’ दिसला, तर आधी एवढंच शोधा: तपासणी कुणी केली आणि त्यात काय सापडलं? उत्तर मिळेपर्यंत तो व्हिडिओ आपल्याकडेच थांबू द्या.