कळणार पण नाही!

माझ्याकडे एक सिक्सपेन्स आहे. १६९६ सालचा, इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमचा, चांदीचा, साधारण आपल्या पन्नास पैशांच्या नाण्याएवढा. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेल्या चार ढाली. आणि राजाच्या डोक्याच्या बरोबर वर एक भोक. भोक आहे म्हणूनच तो मला परवडला, हे आधीच सांगून टाकतो.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आईची बांगडी सांधायला सराफाकडे गेलो होतो. सिक्सपेन्स पाकिटात होता (हो, मी जुनी नाणी पाकिटात घेऊन हिंडतो, बायकोचं यावर बोलून झालंय). सहज काढून दाखवला. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, नाणं दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "भरून देतो की साहेब. चांदीचा तुकडा बसवतो, वरून अक्षरं कोरतो. कळणार पण नाही!"

मजुरी सांगितली, तीही फार नव्हती. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मी चक्क हिशोब केला. बिनभोकाचं तेच नाणं किती पट महाग जातं ते मला पाठ आहे. मग "बघू, सांगतो" म्हणून तिथून सटकलो. पण ते "कळणार पण नाही" काही डोक्यातून जाईना.

कारण हे नाणं जन्माला आलं तेच मुळी "कळावं" म्हणून. त्याआधीची इंग्लंडमधली चांदीची नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली, वेडीवाकडी. लोक त्यांची कड हळूच कातरायचे, कातरलेली चांदी खिशात आणि नाणं पुन्हा बाजारात. हा राजद्रोह होता, फाशी होत असे, तरी थांबत नव्हतं. शेवटी १६९६ मध्ये ती सगळी जुनी नाणी परत घेऊन, वितळवून, यंत्रावर नवी पाडायचं मोठं काम निघालं. लंडनची टांकसाळ पुरी पडेना म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झेटर, नॉरिच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी काढल्या. त्याच वर्षी टांकसाळीत एक नवे वॉर्डन रुजू झाले, त्यांचं नाव आयझॅक न्यूटन. यंत्रावरच्या नाण्यांच्या कडेला रेघा असायच्या, मोठ्या नाण्यांच्या कडेवर तर लॅटिन अक्षरं, "डेकस एट टुटामेन", म्हणजे शोभा आणि संरक्षण. कड कातरली की रेघा जाणार आणि चोरी उघडी पडणार. आमच्या भाषेत सांगायचं तर चेकसम. आणि तीनशेपेक्षा जास्त वर्षांनी मी पाकिटात तो चेकसम घेऊन "कळणार पण नाही" अशा माणसासमोर उभा!

माझा स्वतःचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नाही. किंबहुना धुण्यातच घोळ झाला. मी घेतलेलं पहिलं ब्रिटिश नाणं म्हणजे १७९७ चा "कार्टव्हील" पेनी. मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेलं तांब्याचं धूड. ३६ मिलिमीटर रुंद, वजन बरोबर एक औंस, रुंद उंच कड आणि तिच्यात खोल गेलेली अक्षरं. गाडीच्या चाकासारखं दिसतं म्हणून ते नाव. माझा पेनी छान चॉकलेटी रंगाचा होता. मला वाटलं, मळलाय. मग तांब्याच्या भांड्यांना आपल्याकडे जे करतात तेच केलं, चिंच लावून घासला. दहा मिनिटांत दोनशे वर्षांचा रंग मोरीतून वाहून गेला आणि हातात उरला एक गुलाबी, बिचारा, कालच कापून आणल्यासारखा गोळा. तो अजून आहे माझ्याकडे. विकायला काढला नाही, काढणारही नाही. आता कुठे तो परत तपकिरी व्हायला लागलाय.

तेव्हा "नाण्याला हातच लावू नये" असं म्हणणाऱ्या सोवळ्या लोकांत मी नाही. काही वेळा हात लावावाच लागतो. तांब्याच्या किंवा ब्राँझच्या नाण्यावर हिरवट भुकटी उगवायला लागली तर तो रोग आहे. क्लोराइड आतून धातू खात असतं आणि गप्प बसलात तर नाणंच संपेल. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो, तो अॅसिटोनने काढला तर धातूला काही होत नाही. याला मी औषधपाणी म्हणतो. पण भोक भरणं, झिजलेले राजाचे केस नव्याने कोरणं, ओरखडे घासून पृष्ठभाग गुळगुळीत करणं, तारेच्या ब्रशने खोटी चमक आणणं, हे औषधपाणी नाही. नाण्याला त्याने काय फायदा होतो? काही नाही. फायदा होतो तो विकणाऱ्याला.

आणि भोक म्हणजे खराबी, हे तरी कोणी ठरवलं? माझ्या सिक्सपेन्समधलं भोक राजाच्या डोक्यावर नेमकं मधोमध आहे. म्हणजे कोणीतरी ते गळ्यात घालायचं आणि राजा सरळ उभा दिसायला हवा होता. कोणी, का, ते गेलं. पण इच्छा दिसते.

याहून भारी उदाहरण "एंजल" या सोन्याच्या नाण्याचं. १४६५ च्या सुमारास चौथ्या एडवर्डने सुरू केलेलं, त्यावर राक्षसी सर्पाला मारणारा देवदूत मायकेल. गंडमाळा झालेल्या रोग्याला राजाने स्पर्श केला की तो बरा होतो अशी तिकडे श्रद्धा होती, आणि स्पर्शानंतर रोग्याच्या गळ्यात रिबिनीत ओवलेला एंजल घालत. पहिल्या चार्ल्सनंतर एंजल पाडणं बंद झालं, मग या विधीसाठी एंजलसारखीच छोटी पदकं बनवू लागले. शब्दकोशवाला सॅम्युएल जॉन्सन अडीच वर्षांचा असताना, १७१२ मध्ये, त्याला आईने लंडनला नेऊन अॅन राणीकडून स्पर्श करवून घेतला. त्याचं ते पदक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, भोकासकट. आता विचार करा. भोक असलेला एंजल बाजारात स्वस्त, बिनभोकाचा महाग. म्हणून कोणी भोक सोन्याने बुजवतो. बुजवलं काय? एक आजारी माणूस, त्याला राजापर्यंत घेऊन आलेली आई, एवढा प्रवास. किंमत वाढली ती एवढं सगळं खोडून!

याच म्युझियममध्ये १९०३ चा एक पेनी आहे. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर कोणीतरी अक्षरं ठोकली आहेत, "बायकांना मत द्या" अशा अर्थाची. नाणेशास्त्राच्या नजरेने बघाल तर नाणं बरबाद. कोणी गुणी कारागीर ती अक्षरं घासून राजाचा चेहरा पुन्हा छान कोरूनही देईल.

माझा एक मित्र नाणी जमवतो आणि माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं, "तुझं नाणं, तुझे पैसे. भर, आणि विकताना सांग की भरलंय. विषय संपला." ऐकायला एकदम बिनतोड. मीही बरेच दिवस हेच म्हणायचो. पण यात एक बग आहे. मी सांगेन हो. माझ्याकडून घेणाराही कदाचित सांगेल. तिसरा? चौथा? तो वारल्यावर त्याचा डबा उघडणारी त्याची मुलं? नाण्याबरोबरची चिठ्ठी हरवते, नाणं उरतं. एनजीसीसारख्या ग्रेडिंग कंपन्या भरलेल्या नाण्याला साधी ग्रेड न देता "डिटेल्स" असं लिहून, दोष नमूद करून, प्लास्टिकच्या डबीत सील करतात. पण डबी फोडायला काय लागतं? धातूवर जे लिहिलंय तेवढंच नाण्याबरोबर पुढे जातं. बाकी सगळं आपल्या भल्या मनाच्या भरवशावर.

म्युझियममध्ये फुटकी भांडी जोडणाऱ्या लोकांचा एक जुना दंडक आहे, की जोड सहा फुटांवरून दिसू नये पण सहा इंचांवरून दिसावा. (इथे कोणीतरी जपानी सोनेरी सांध्यांचं उदाहरण देणारच. देऊन झालं असं समजा.) नाण्याची पंचाईत अशी की ते सहा फुटांवरून कोणी बघतच नाही. बघतात ते भिंगातून. म्हणजे नाण्यावरची दुरुस्ती एकतर दिसते, नाहीतर फसवते. मधली जागाच नाही.

किंवा नाही असं मला वाटायचं. मग ब्रॅशरबद्दल वाचलं. १७८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एफ्रेम ब्रॅशर नावाचा सोनार होता. तिथे तेव्हा परदेशी सोन्याची नाणी चालत, त्यात ब्रिटिश गिनीही. झिजलेली, कातरलेली, कमीजास्त वजनाची. सोनार ती ठरलेल्या वजनाला आणून द्यायचे. जास्त असेल तर कातरायचे, कमी असेल तर सोन्याचा तुकडा बसवायचे. आणि मग त्यावर आपला शिक्का मारायचे. ब्रॅशरचा शिक्का "ई बी". म्हणजे नाणं भरलंय, कोणी भरलंय आणि वजनाची जबाबदारी कोणाची, हे सगळं धातूतच. गिट ब्लेम चालवायची गरजच नाही! अशी शिक्का मारलेली नाणी आज संग्राहक जास्त पैसे देऊन घेतात. तोच तुकडा, तीच झाळ. पण एक नाव टाकून केलेली आणि दुसरी नाव लपवून.

हे फक्त साहेबाच्या देशातलं कौतुक नाही. आपल्याकडे घरोघरी "गिनी" म्हणून जपलेली नाणी असतात, ती बहुतेक सॉव्हरिन. १९१८ या एकाच वर्षी ती मुंबईतही पाडली गेली, सुमारे १३ लाख. सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, तारखेच्या वर बारीक "आय" असेल तर ती मुंबईची. माझ्या आत्याकडे तशी एक आहे, वर कडी झाळलेली. आतेभावाला कोणीतरी सांगितलं की कडी काढून, कड घासून, त्यावर रेघा पुन्हा पाडल्या तर भाव येईल. (पुन्हा त्या रेघा!) मी नको म्हटलं, लांबलचक कारणं दिली. आत्या म्हणाली, "अरे, पण मी ती घालते ना. कडी काढली तर घालू कशी?" माझ्या सगळ्या कारणांपेक्षा हे बरं होतं.

परवा बांगडी आणायला गेलो. काकांनी नाण्याचं विचारलंच. मी म्हटलं, "काका, भरा. पण एक करा, भरलेल्या जागेवर तुमचा छोटा शिक्का मारून द्या. दुकानाचा."

काकांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "शिक्का मारायचा तर मग भरायचं कशाला?"

बांगडी घेतली. सिक्सपेन्स परत पाकिटात.