छातीतली गाठ आणि ‘बायकांची’ टेस्ट

पुरुषांना छाती असते आणि स्तन बायकांना असतात, ही आपली वाटणी एकदम सोपी आहे. फक्त शरीराला ती मान्य नाही. निपलच्या मागे थोडीशी स्तनाची पेशीरचना प्रत्येक पुरुषाला असते, आणि जिथे ती असते तिथे गाठही होऊ शकते. तुम्ही म्हणाल, वीकएंडच्या तोंडावर हा काय विषय? पान उलटू नका. हा तुमच्या जिमचा, तुमच्या केसांच्या गोळीचा आणि तुमच्या बाबांचाही विषय आहे.

माझे काका होटगीला असतात. सोलापूरच्या पुढचं जंक्शन, विजापूरची लाईन जिथून फुटते ते. सगळी नोकरी रेल्वेत झाली. मे महिन्यात गावी गेलो, तर त्या भट्टीतही काका बनियनवर शर्ट चढवून बसलेले! एरवी उन्हाळ्यात हा माणूस उघड्या अंगाने ओट्यावर पेपर वाचतो. काकूने हळूच सांगितलं, डाव्या निपलखाली गाठ आहे, आठ महिने झाले. दाखवलं का नाही, असं विचारल्यावर काका उखडले. ‘‘काय सांगू डॉक्टरला? ही काय बाप्याची दुखणी आहेत का बे?’’

शेवटी नेलंच सोलापूरला. सर्जननी तपासलं आणि चिठ्ठीवर मॅमोग्राफी लिहिली. एका सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या मुलीने काकूकडे बघून ‘‘पेशंट या ना आत’’ म्हटलं. फॉर्मवर नावाआधी ‘श्रीमती’ छापलेलं, खाली शेवटच्या पाळीची तारीख. दारावर पाटी, ‘पुरुषांनी बाहेर थांबावे.’ काकांनी पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि चपला घालायला वळले. मी दंड धरला. आतून टेक्निशियन ताई आल्या आणि म्हणाल्या, ‘‘काका, पावडर लावलीय का? पुसून टाका आधी.’’ बस्स, एवढंच. जणू रोज दहा काका येतात. त्या एका वाक्याने काम झालं.

पावडरचा फंडा खरा आहे. डिओड्रंट आणि पावडरचे कण एक्स-रेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि कॅन्सरमधल्या चुन्याच्या कणांशी घोळ होतो. बाकी टेस्ट तीच, मशीनही तेच. दोन पट्ट्यांमध्ये छातीचा भाग काही सेकंद दाबून धरतात, एकदा वरून आणि एकदा तिरका एक्स-रे काढतात, दोन्ही बाजूंचे. पुरुषांची पेशीरचना थोडी, त्यामुळे छातीचा स्नायूही जरा पुढे ओढून घ्यावा लागतो. चिमटा बसतो, पण सोसवतो.

आणि त्या फिल्मवर दिसतं काय? चरबी काळपट दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा. नुसतं पोट सुटल्यामुळे छाती वाढली असेल, तर सगळं काळपटच. निपलच्या बरोबर मागे ज्योतीसारखा किंवा पंख्यासारखा पांढरा भाग पसरलेला दिसला, तर तो बहुतेक वेळा गायनेकोमास्टिया, म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडल्यामुळे वाढलेली ग्रंथी. पुरुषांच्या छातीतल्या गाठींचं हेच सगळ्यात कॉमन कारण, आणि हा कॅन्सर नाही. कॅन्सरची गाठ सहसा निपलच्या एका बाजूला सरकलेली, वेड्यावाकड्या कडांची असते. शंका आली, तर सोनोग्राफी आणि सुईने तुकडा काढून तपासणी. वय पंचविशीच्या आत असेल, तर डॉक्टर बहुधा सोनोग्राफीपासूनच सुरुवात करतात.

काकांच्या फिल्मवर ज्योत निघाली. दोषी कोण, तर हृदयासाठी चालू असलेली स्पायरोनोलॅक्टोनची गोळी. डॉक्टरांनी गोळी बदलली. आठ महिन्यांची झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर एका दुपारी मिळालं.

आता तुमच्याकडे येतो. बॉडी बनवायला जिममध्ये ‘स्टॅक’ घेताय? त्यातल्या बऱ्याच स्टिरॉइड्सचं शरीर इस्ट्रोजेन करतं. केस गळतात म्हणून फिनास्टेराइड चालू आहे? त्यानेही काहींची छाती वाढते किंवा दुखते. जास्त दारूने लिव्हर बिघडलं, तरी तेच. अशा वेळी टी-शर्ट एक साइझ मोठा घेणं हा उपाय नव्हे. घेताय ते सगळं डॉक्टरांना सांगा, पण चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि कॅन्सर? स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत पुरुष जेमतेम एक. बहुतेक जण साठीच्या आसपासचे किंवा पुढचे. पण हा ‘एक’ उशिरा येतो, कारण त्याला हा आजार आपल्याला होऊ शकतो हेच माहीत नसतं. पॉपस्टार बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांना शर्टावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. त्यांनी लगेच डॉक्टर गाठला, मॅमोग्राम काढला आणि निदान झालं. २०१९ मध्ये त्यांनी टीव्हीवर हे सगळं जाहीर सांगितलं. त्यांच्यात बीआरसीए-२ या जीनमधला दोष निघाला, जो बापाकडून मुलींकडेही जाऊ शकतो. म्हणजे तुमचा रिपोर्ट हा तुमच्या बहिणीचा, मुलीचाही प्रश्न असू शकतो.

बोलल्याने फरक पडतो, याचा पुरावा आमच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. नोंदी घेणारे गावोगाव फिरायचे आणि फिरताना लोकांना लक्षणंही समजावून सांगायचे. पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर तपासणीला येऊ लागल्या. गावातल्या बायकांनी तेव्हा लाज बाजूला ठेवली. एसी ऑफिसात बसणाऱ्या आपल्याला काय अडचण आहे?

हे लक्षात ठेवा
• न दुखणारी, कडक, एकाच बाजूची गाठ, आत ओढलेलं निपल, रक्त किंवा स्राव, न भरणारी जखम, काखेत गाठ. यातलं काहीही दिसलं, तर थेट सर्जन गाठा.
• दुखरी, रबरासारखी गाठ बहुधा साधी असते. पण ‘बहुधा’ हे डॉक्टरांनी म्हणायचं, गूगलने नाही.
• काहीच त्रास नसेल, तर सरसकट पुरुषांनी मॅमोग्राफी करत बसायची गरज नाही. घरात आई, बहीण, वडील, काका कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा बीपी-शुगर विचारून झाल्यावर बाबांना हेही विचारा. पहिल्यांदा उडवून लावतील. दुसऱ्यांदा विचारा.